मोटारसायकलच्या चेनीस तेल कोणीं घालावें ?

शेतकऱ्याच्या औतांची यादी करावयास बसलें म्हणजे नांगर, वखर, तिफण, कोळपें येथपासून ट्रॅक्टर व फवारणीचा पंप येथपर्यंत सर्व नांवें आपण घेतों. परंतु ज्या यंत्रावर त्याचा दिवस उगवतो व ज्यावर तो मावळतो, त्या मोटारसायकलचें नांव त्या यादींत सहसा येत नाहीं. ती चैनीची, निदान केवळ प्रवासाची वस्तु आहे, शेतीची नव्हे, ही आपली जुनी समजूत अद्यापि गेलेली नाहीं. वस्तुस्थिति याच्या उलट आहे. पहांटे दुधाच्या किटल्या डेअरीवर कोण पोंचवितें ? वैरणीचा भारा बांधावरून गोठ्यांत कोण आणतें ? बियाण्याच्या पिशव्या, खताची गोणी, भाजीच्या जाळ्या, जळलेली विहिरीवरची मोटर, हें सर्व ओझें आज पुष्कळ गांवांत बैलगाडीवरून उतरून मोटारसायकलच्या पाठीवर आलेलें आहे. तेव्हां ती औतच होय, आणि औताची जी निगा आपण ठेवतों ती तिचीहि ठेवली पाहिजे, हा आमचा पहिला मुद्दा.

दुसरा मुद्दा असा कीं, या औताच्या ज्या भागाकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें तो भाग म्हणजे चेन. पेट्रोल संपलें तर गाडी थांबते, म्हणून पेट्रोल भरलें जातें. चाकांत हवा नसली तर गाडी पुढें जात नाहीं, म्हणून हवाहि भरली जाते. चेनीचें तसें नाहीं. ती कोरडी पडली, गंजली, चिखलानें माखली, तरी कुरकुर करीत पुष्कळ दिवस चालते. आणि हा तिचा सोशिकपणाच तिच्या नाशास कारण होतो.

बैलगाडीचा काळ ज्यांनीं पाहिला आहे त्यांस स्मरत असेल कीं, आंसास वंगण घालणें हें गाडीवानाचेंच काम असे. वंगणाचें नळकांडें गाडीलाच टांगलेलें असे. चाक बोलूं लागलें कीं गाडी उभी करून, खीळ काढून, चाक थोडें बाहेर ओढून तो आंसास वंगण लावी व पुढें निघे. एवढ्यासाठीं कोणीं सुतारास बोलावणें धाडल्याचें ऐकिवांत नाहीं. पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलांचे खांदे मळावयाचे तेहि घरच्याच हातांनीं. ज्याच्या खांद्यावर वर्षभर ओझें घातलें, त्याच्या खांद्याची विचारपूस धन्यानें स्वतः करावी, हा त्यांतील भाव आहे. आज बैलाची जागा मोटारसायकलनें घेतली, परंतु तो भाव मात्र तिच्या वांट्यास आला नाहीं. दसऱ्यास तिला झेंडूची माळ पडते, हळदकुंकू वाहिलें जातें. आणि ज्या चेनीवर तिचें सारें ओझें आहे ती माळेच्या खालीं गंजत असते. चेनीस तेल घालणें हें गॅरेजांतील मिस्त्रीचें काम आहे, अशी आपण समजूत करून घेतली आहे. ही समजूत चुकीची आहे व ती शेतकऱ्यास महाग पडते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

याचीं कारणें समजण्यासाठीं चेनीची घडण थोडक्यांत पाहिली पाहिजे. आज आपण वापरतों त्या चेनीची मूळ रचना इंग्लंडांत मँचेस्टर येथें कारखाना चालविणारे हान्स रेनॉल्ड या स्विस गृहस्थांनीं १८८० सालीं केली, आणि तिच्यांत आजतागायत मूलतः फरक पडलेला नाहीं. तिच्या प्रत्येक सांध्यांत एक पोलादी पिन असते. त्या पिनेभोंवतीं एक नळी असते, तिला बुश म्हणतात. आणि बुशावर एक रोलर मोकळा फिरत असतो. दोन्ही अंगांस पट्ट्या असून त्या या सर्वांस धरून ठेवतात. रोलर स्प्रॉकेटच्या दांतांत बसतो, व चेन वळते तेव्हां पिन बुशाच्या आंत थोडीशी फिरते. पिन आणि बुश यांच्यामध्यें जी अगदीं बारीक फट असते तेथेंच खरी झीज होते, आणि वंगणहि तेथेंच पोंचावयास हवें. चेन बाहेरून काळी व तेलकट दिसली म्हणजे वंगण झालें, हा निव्वळ भ्रम आहे.

ही झीज किती वेगानें होऊं शकते याचा अंदाजी हिशेब वाचकांनीं स्वतः करून पाहावा. साध्या मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा घेर पावणेदोन ते दोन मीटर असतो. म्हणजे एका किलोमीटरांत तें चाक सुमारें ५२५ फेरे घेतें. मागच्या स्प्रॉकेटला ४२ दांत व चेनीला १०० कड्या धरल्या, तर तेवढ्यांत चेनीचे सुमारें २२० फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यांत प्रत्येक सांधा पुढच्या स्प्रॉकेटवर चढतांना व उतरतांना, तसाच मागच्या स्प्रॉकेटवर चढतांना व उतरतांना, असा चार वेळां वळतो. म्हणजे किलोमीटरमागें ८८० वेळां; आणि ५०० किलोमीटरांत ४ लाख ४० हजार वेळां. इतक्या वेळां पोलादावर पोलाद घांसावयाचें आणि मध्यें तेलाचा थेंब नाहीं, तर ती चेन टिकावी कशी ?

आपण म्हणतों कीं चेन ‘ताणली’. वास्तविक तिच्या पट्ट्या सहसा ताणल्या जात नाहींत. पिना व बुश झिजतात आणि त्या झिजेची बेरीज होऊन चेन लांबते. ज्या चेनीचा क्रमांक ४२८ आहे, व अशा चेनी पुष्कळ साध्या गाड्यांस असतात, तिच्या एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंतचें अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतें. प्रत्येक सांधा एका मिलिमीटरच्या पंचमांशाहूनहि थोडा कमी झिजला, तर शंभर कड्यांची चेन १९ मिलिमीटर, म्हणजे शेंकडा दीड लांबते. शेंकडा दीड ते दोन लांबलेली चेन बाद समजावी. लांबलेली चेन स्प्रॉकेटच्या दांतांत नीट बसत नाहीं. ती दांत खाऊं लागते व दांत आंकड्यासारखे वांकडे दिसूं लागतात. मग नवी चेन घालूनहि भागत नाहीं, कारण तीं वांकडीं स्प्रॉकेटें नव्या चेनीसहि लवकर खातात. चेन व दोन्ही स्प्रॉकेटें एकदमच बदलावीं लागतात तीं याचसाठीं. परीक्षा सोपी आहे. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदीं मागील बाजूस चेन बोटांनीं धरून मागें ओढून पाहावी. अर्धा दांत उघडा पडला तर त्या चेनीचें आयुष्य संपलें असें समजावें.

आतां तेल कोणतें घालावें याविषयीं. खेडेगांवांतील सर्रास रिवाज असा कीं, इंजिनांतून काढलेलें जळकें तेल बाटलींत ठेवावयाचें व तेंच चेनीवर ओतावयाचें. फुकट मिळतें, एवढाच त्याचा गुण. त्यांत काजळी असते, इंजिनाच्या झिजेचा धातूचा बारीक कीस असतो, आणि पोलादास खाणारे आम्ल पदार्थहि असतात. अशा तेलानें सांध्यांत वंगणाऐवजीं कुरुंदच जातें. शिवाय तें गळून अंगणांत व विहिरीच्या वाटेवर पडतें, हाताच्या कातडीस अपायकारक असतें, आणि सरकारी नियमांतहि वापरलेलें तेल घातक टाकाऊ पदार्थांत धरलें आहे. दुसरा रिवाज ग्रीस थापण्याचा. ग्रीस घट्ट असल्यामुळें बाहेरच बसतें, पिनेपर्यंत जात नाहीं. आणि बाहेर बसलेल्या ग्रीसांत रस्त्याची धूळ मिसळली कीं तें कानशीचें काम करूं लागतें. याउलट ९० नंबरचें गिअर ऑइल हें साध्या चेनीस योग्य वंगण होय, व पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकेंत त्याचीच शिफारस केलेली असते. तें आंत झिरपण्याइतकें पातळ व तेथें टिकण्याइतकें दाट असतें. चेनीसाठीं फवाऱ्याच्या डब्यांतून मिळणारें वंगणहि चांगलें. तें कमी उडतें, परंतु महाग पडतें.

आपल्या मुलखाच्या मातीचाहि येथें विचार केला पाहिजे. देशावरील व वऱ्हाडांतील काळी माती पावसाळ्यांत चिकट होऊन चेनीच्या कव्हरांत थापली जाते, आणि वाळली म्हणजे विटेसारखी घट्ट होते. उन्हाळ्यांत तीच धूळ होऊन तेलावर बसते. कोंकणांत जांभ्या दगडाची तांबडी धूळ व चार महिन्यांचा संततधार पाऊस हे दोन शत्रु आहेत. तेथें झिजेइतकाच गंजहि भयंकर. शंभर-सव्वाशे सीसीच्या पुष्कळ गाड्यांस चेन पूर्ण झांकणारें कव्हर असतें व तें फार हितकर आहे. पण त्याच्याच भरंवशावर मालक निर्धास्त राहतो. कव्हर धूळ कमी करतें, वंगण घालीत नाहीं. त्याला एक रबरी बूच असतें. तें काढून आंत पाहावें व तेथूनच तेल सोडावें. दर वेळीं झंझट नको म्हणून कांहीं जण कव्हर काढूनच टाकतात. हें कदापि करूं नये. मागें बसलेल्या भगिनीच्या लुगड्याचा पदर उघड्या चेनींत गेला तर काय होतें, हें सांगावयास नको.

तेल घालण्याची रीत पुढीलप्रमाणें आहे. गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी, इंजिन बंद करावें, गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा व मागचें चाक हातानें फिरवावें. इंजिन सुरू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनीवर फडकें धरण्याची जी घाई कित्येक तरुण करतात तिच्यापायीं बोटें गमवावीं लागतात. तेव्हां या एका बाबतींत कोणाचीहि सबब ऐकूं नये. प्रथम फडक्यानें व मऊ ब्रशानें मळ पुसावा. फार साचला असेल तर थोड्या रॉकेलनें काढावा व चेन कोरडी करावी. नंतर खालच्या पदराच्या आंतील बाजूस, दोन्ही अंगांच्या पट्ट्यांच्या सांध्यांवर, थेंबथेंब तेल सोडीत चाक सावकाश फिरवावें. आंतून घातलेलें तेल चेन फिरूं लागली म्हणजे बाहेरच्या दिशेस ओढलें जातें व सांध्यांतून जातें. गाडी थोडी फिरून आलेली असतां चेन कोमट असते, त्या वेळीं तेल लवकर शिरतें. शेवटीं वरचें जास्त तेल पुसून घ्यावें, कारण तें धूळ धरतें, आणि मागच्या टायरवर उडालें तर गाडी घसरते. म्हणून हें काम रात्रीं करावें व गाडी सकाळीं बाहेर काढावी, हें उत्तम.

किती दिवसांनीं, असें विचाराल तर साधारणपणें दर ५०० किलोमीटरांस. ज्याची फेरी रोज पंचवीस किलोमीटरांची आहे त्यानें तीन आठवड्यांतून एकदां. पावसाळ्यांत मात्र दर आठवड्यास, व गाडी धुतल्यानंतर प्रत्येक वेळीं. विहिरीवरील पंपाच्या जोरदार धारेनें गाडी धुवावयाची आणि चेन तशीच ओली ठेवावयाची, यापेक्षां न धुणें बरें.

तेलाबरोबर ताणहि पाहिला पाहिजे. खालच्या पदराच्या मध्यावर चेन बोटानें वर-खालीं हलवावी; साध्या गाड्यांत ती बहुधा २० ते ३० मिलिमीटर हलावी लागते, नक्की आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत दिलेला असतो. चाक फिरवीत जेथें चेन सर्वांत घट्ट लागेल तेथेंच हें माप घ्यावें. सैल चेन वाईट हें सर्वांस ठाऊक आहे. पण फार घट्ट चेनहि तितकीच वाईट, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. दोन माणसें व किटल्या बसल्या म्हणजे गाडी दबते व चेन आणखी ताणली जाते; त्या वेळीं गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर नाहक भार येतो. ज्या चेनीस जोडाची क्लिप असते तिच्या क्लिपेचें बंद तोंड चेन ज्या दिशेस धांवते त्या दिशेस असावें, एवढें प्रत्येकानें लक्षांत ठेवावें.

कांहीं मोठ्या गाड्यांच्या चेनींत पिन व बुश यांच्यामध्यें कारखान्यांतच ग्रीस भरून रबरी कड्यांनीं तें बंद केलेलें असतें. अशा चेनीस तेल नकोच, असा समज पसरलेला आहे. आंतील वंगण कायम असलें तरी रोलर व स्प्रॉकेट यांस, गंजापासून बचावास, आणि रबर मऊ राहण्यास बाहेरून तेल लागतेंच. मात्र पेट्रोल, तारेचा ब्रश व पाण्याची जोरदार धार यांपासून तिला जपावें. रबर गेलें कीं आंतील ग्रीसहि गेलें.

यावर आक्षेप घेणारे म्हणतात, ‘चेन कांहीं इंजिन नव्हे, गेली तर नवी टाकूं.’ या म्हणण्याचा हिशेबानेंच विचार करूं. एका वेळेस तीन चहाचे चमचे, म्हणजे पंधरा मिलिलिटर तेल पुष्कळ झालें. एक लिटर तेल अशा रीतीनें पासष्ट वेळांहून अधिक पुरतें, आणि दर ५०० किलोमीटरांस एकदां धरलें तर ३२ हजार किलोमीटरांपर्यंत जातें. चेन व दोन्ही स्प्रॉकेटें यांच्या एका संचाच्या किंमतींत असें एक लिटर तेल खचित येतें व वर पैसे उरतात. शिवाय कोरडी चेन इंजिनाची कांहीं शक्ति स्वतःच्या घर्षणांत जाळते, ती पेट्रोलच्या रूपानें आपणच भरतों.

पण पैशाचा हिशेब हा खालचा हिशेब आहे. झिजलेली चेन घरीं उभ्या गाडीवर तुटत नाहीं; ती ओझें असतां, चढावर, वेग घेतांना तुटते. सैल चेन दांतांवरून उतरून अडकली तर मागचें चाक एकाएकीं जाम होतें. तुटलेली चेन गोळा होऊन इंजिनाचें आवरण फोडूं शकते. पहांटेच्या काळोखांत, मागें मूल शाळेच्या दप्तरासह व दोन्ही अंगांस किटल्या अशा स्थितींत हें घडलें तर त्याची किंमत कोणत्या वहींत मांडावयाची ? आणि अपघात टळला तरी डेअरीची वेळ टळते. त्या दिवसाचें दूध घरीं परत येतें. एका दिवसाच्या दुधावर ज्या घराचा आठवडा चालतो त्या घरीं चेन ही लहान गोष्ट राहत नाहीं.

हाच नियम शेतांतील इतर चेनींसहि लागू आहे. पेरणीयंत्रांत जमिनीवर फिरणाऱ्या चाकाची गति बियाण्याच्या पेटीकडे बहुधा चेनीनेंच नेलेली असते. वर्षांतून चार दिवस वापरून अकरा महिने छपरांत उभी ठेवलेली ती चेन आंखडते, कड्या वळत नाहींत, ती दांतांवरून उडते. आणि बी कोठें दाट, कोठें विरळ पडतें. पेरणी आटोपतांच तिला पुसून तेल घालून ठेवणें हें अर्ध्या तासाचें काम आहे. मृगाच्या आदल्या दिवशीं दुकानाकडे धांवण्यापेक्षां तें सोपें आहे.

हें सर्व शेतकऱ्यानें एकट्यानें करावें असें म्हणून आम्ही मोकळे होऊं इच्छित नाहीं. एक लिटरचा डबा एकदम घेणें अनेकांस जड वाटतें, म्हणूनच जळक्या तेलाची बाटली घराघरांत आढळते. गांवोगांवच्या सहकारी सोसायट्यांनीं व दूध-संस्थांनीं खताबियाण्याबरोबर गिअर ऑइलचे मोठे डबे आणून तें शंभर-शंभर मिलिलिटरांनीं सुटें विकावें, व जळकें तेल एका पिंपांत जमा करून परवानाधारक व्यापाऱ्यास द्यावें. डेअरीवर सकाळीं पन्नास गाड्या उभ्या असतात. तेथेंच महिन्यांतून एकदां जाणत्या मिस्त्रीनें एका गाडीची चेन साफ करून, तेल घालून, ताण लावून दाखविला, तर ज्ञान फुकट पसरेल. घरांतील मुलामुलींनीं, विशेषतः जीं गाडी चालवितात त्यांनीं, हें काम शिकून घ्यावें. किल्ली हातांत द्यावयाची तर आधीं तेलाची बाटली हातांत द्यावी, असा घरोघर नियम व्हावा. आणि दिवस चुकूं नये म्हणून तो आठवडे बाजारास जोडून घ्यावा: बाजाराच्या आदल्या रात्रीं गाडी स्टँडवर घेऊन चेन पाहिल्यावांचून निजूं नये.

मिस्त्रीचा मान मिस्त्रीस आहेच; इंजिन उघडावें तें त्यानेंच. परंतु चेनीस तेल घालणें हें त्याचें काम नव्हे. बैलाचा खांदा जसा धन्यानें पाहावयाचा, तशी चेन ज्याची गाडी त्यानेंच पाहावयाची. या पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक वाचकानें आपल्या गाडीच्या कव्हराचें तें रबरी बूच एकदां काढून आंत डोकावावें, एवढीच आमची विनंति आहे.